घरच्या पूलसाठी लिक्विड क्लोरीनचं माप कसं काढायचं

बडोद्यात भायली, सेवासी, अंकोडियाच्या बाजूला बंगले वाढले तसे घरचे स्विमिंग पूलही वाढले. टाइल्सचा निळा कोणता घ्यायचा यावर घरात महिनाभर चर्चा चालते. पाण्यात क्लोरीन किती टाकायचं हे मात्र पूल साफ करायला येणारा माणूस ठरवतो, आणि त्याचं माप बहुतेक ठिकाणी एकच: ‘रोज एक मग’. तो मग केवढा, कारब्यातला (क्लोरीनच्या मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमधला) माल किती जुना, काल टाकलेल्यातलं आज किती उरलं, यांतलं काहीही त्या मापात धरलेलं नसतं. त्यामुळे तोच मग मे महिन्यात कमी पडून पाणी हिरवं होतं आणि डिसेंबरात जास्त होऊन पोरांच्या पोहण्याच्या कपड्यांचा रंग उडतो.

माप काढायला तीन आकडे पुरतात. पूलमध्ये पाणी किती घनमीटर आहे, क्लोरीन किती पीपीएमने वाढवायचं आहे, आणि कारब्यातल्या मालाची ताकद किती टक्के आहे. पहिला आकडा एकदाच काढायचा, दुसरा रोज. तिसरा कोणी काढतच नाही, कारण तो लेबलवर छापलेला असतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात हिशेब चुकतो तो नेमका त्या छापील आकड्यामुळे.

पाणी किती आहे

आयताकृती पूल असेल तर लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. खोली टाइलच्या काठापासून न मोजता पाण्याच्या पातळीपासून मोजा. या दोन्हींत सहज वीतभर फरक असतो. उथळ टोक १ मीटर, खोल टोक १.५ मीटर आणि तळ सरळ उताराचा असेल तर सरासरी १.२५. म्हणजे ८ × ४ मीटरच्या पूलमध्ये ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर पाणी. पुढची सगळी उदाहरणं याच पूलची आहेत.

बिल्डरचा नकाशा बहुधा फुटांत असतो. तिन्ही मापं फुटांत घेऊन गुणा आणि ३५.३ ने भागा, घनमीटर मिळतील. २६ × १३ × ४.१ फुटांचा पूल ३९ घनमीटरच्या आसपास येतो. गोल पूलसाठी ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × खोली, लंबगोलासाठी ०.७८५ × लांबी × रुंदी × खोली. तळ एकसारखा उतरत नसेल तर पूलचे मनात दोन तुकडे करा, वेगवेगळे मोजा, मग बेरीज. पायऱ्या आणि बसायचे कट्टे अंदाजाने वजा केले तरी चालतं. ‘चार टँकर लागले होते’ हा हिशेब मात्र धरू नका. टँकर भरून येतो की नाही हे टँकरवाल्यालाच माहीत!

सूत्र

१ पीपीएम म्हणजे एका घनमीटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन. आपल्या पूलला १ पीपीएमने वर न्यायचं तर ४० ग्रॅम क्लोरीन लागेल. १० टक्के ताकदीच्या १ लिटर द्रावणात १०० ग्रॅम क्लोरीन असतं, म्हणजे ४० ग्रॅमसाठी ४०० मिली. हेच एका ओळीत लिहायचं तर:

मिली = घनमीटर × वाढवायचे पीपीएम × १०० ÷ ताकद (टक्के)

दर १० घनमीटरला १ पीपीएमसाठी १२ टक्क्यांचा माल ८३ मिली लागतो, १० टक्क्यांचा १००, ८ टक्क्यांचा १२५ आणि ६ टक्क्यांचा १६७ मिली. हे चार आकडे पंपरूमच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. रोज कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही.

एक खाचखळगा आहे. दुकानदार हायपो, म्हणजे हेच लिक्विड क्लोरीन, बऱ्याचदा किलोवर विकतो आणि टक्केही वजनाचे सांगतो. हे द्रावण पाण्यापेक्षा जड आहे, एका लिटरचं वजन साधारण १.१५ किलो भरतं. म्हणून ५० किलोच्या कारब्यात ४३-४४ लिटरच माल असतो, आणि ‘वजनी १० टक्के’ म्हणजे लिटरमागे ११५ ग्रॅमच्या आसपास क्लोरीन. आपलं सूत्र लिटरचं आहे. त्यामुळे वजनी टक्के असतील तर १.१५ ने गुणून घ्या. पण खरं सांगायचं तर ताकद स्वतः मोजली की या भानगडीत पडावंच लागत नाही.

कारब्यातली खरी ताकद

रणोलीला गुजरात अल्कलीजचा कारखाना सत्तरच्या दशकापासून आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन निघतं, आणि ही दोन पुन्हा एकत्र आणली की सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच आपलं लिक्विड क्लोरीन. आपण क्लोरीनच्या दारातच राहतो, म्हणून माल ताजाच मिळेल असं बडोदेकराला वाटतं. पण कारखान्यातून निघालेला कारबा दुकानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती दिवस उभा होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

हायपो नुसतं ठेवलं तरी विघटित होतं. त्याचं मीठ आणि क्लोरेट बनतं, थोडा ऑक्सिजन सुटतो. उष्णता दर १० अंशांनी वाढली की हा वेग कित्येक पटींनी वाढतो. ऊन लागलं किंवा लोखंड-तांब्याचा अंश पडला की आणखी. द्रावण जितकं कडक, तितकं ते लवकर उतरतं. म्हणजे १२ टक्क्यांचा माल ६ टक्क्यांच्या मालापेक्षा झपाट्याने खाली येतो. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. लेबलवर १२ छापलेलं असताना आत ८ निघणं यात नवल काहीच नाही.

मोजायची रीत सोपी आहे. मेडिकलमधून १ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा. पाण्याचा २० लिटरचा जार घरच्या आरओच्या पाण्याने भरा. आधी या कोऱ्या पाण्याचीच क्लोरीन चाचणी करून घ्या, रंग अजिबात यायला नको. आला, तर ते पाणी या कामाचं नाही. मग कारबा हलकेच हलवून त्यातून बरोबर १ मिली हायपो सिरिंजमध्ये ओढा. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, हवेचा बुडबुडा वर काढा, पुन्हा १ च्या रेघेवर आणा. एवढ्याशा मापात बुडबुड्यानेसुद्धा आकडा हलतो. ते जारमध्ये सोडा, स्वच्छ प्लास्टिकच्या दांडीने मिनिटभर ढवळा आणि नेहमीच्या किटने चाचणी घ्या. येईल त्या आकड्याची दुप्पट म्हणजे मालाची टक्केवारी. ४ पीपीएम आले तर माल ८ टक्क्यांचा.

किटवरचे रंग ३ पीपीएमलाच संपत असतील तर जारमधलं पाणी आणि कोरं आरओचं पाणी निम्मं निम्मं मिसळून चाचणी करा, आणि आकड्याला ४ ने गुणा. रंग डोळ्यांनी जुळवताना अर्धा पीपीएम इकडेतिकडे होणारच, तो गुणाकारात वाढतो. म्हणून दोनतीनदा घेऊन मधला आकडा धरा. तरीही तो लेबलपेक्षा जास्त विश्वासाचा असतो. चाचणी झाली की तो जार पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नका, बाजूला ठेवा.

नवा कारबा आला की एकदा, उन्हाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा हे करावं. मला विचाराल तर महागडी रोबो-झाडू घेण्याआधी ही सवय लावून घ्यावी. मार्चनंतर एकदम चार कारबे भरून ठेवण्यात स्वस्ताई दिसते, पण जूनपर्यंत त्यातला बराच पैसा हवेत गेलेला असतो. पंधरा दिवसांत संपेल एवढाच माल आणा, घरातल्या सगळ्यांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. माल आल्या आल्या निम्मं आरओ पाणी घालून सौम्य केलात तर तो जास्त टिकतो. बोअरचं जड पाणी मात्र घालू नका, तळाला गाळ बसतो.

पूलची चाचणी

बाजारात दोन प्रकारची किट मिळतात. ओटीओच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं, डीपीडीच्या गोळीने किंवा थेंबांनी गुलाबी. ओटीओ स्वस्त आहे, पण ते एकूण क्लोरीन दाखवतं. घाम, लघवी, सनस्क्रीन यांच्याशी बांधलं गेलेलं, म्हणजे कामातून गेलेलं क्लोरीनही त्यात मोजलं जातं. रोजच्या मापासाठी मुक्त, म्हणजे अजून कामाचं उरलेलं क्लोरीन कळायला हवं, त्यासाठी डीपीडी घ्या. कारब्याच्या चाचणीत पाणी कोरंच असतं, तिथे ओटीओही चालतं. ओटीओचं रसायन विषारी आहे, चाचणीचं पाणी परत पूलमध्ये ओतू नका.

नमुना इनलेटपासून, म्हणजे फिल्टरमधलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडापासून लांब, हातभर खोलीवरून घ्यायचा. नळी उलटी बुडवून खाली न्यावी, तिथे सुलटी करावी. रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर जुळवावा. ट्यूबलाइटखाली गुलाबी रंग फसवतो.

डीपीडीची एक लबाडी लक्षात ठेवा. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की रंग येऊन लगेच उडून जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे. मग तो आणखी दोन लिटर ओततो. थेंब टाकताना क्षणभर गुलाबी लहर दिसली आणि विरली, तर नमुना एकास चार या प्रमाणात आरओ पाण्यात मिसळून पुन्हा बघा आणि ५ ने गुणा.

किती ठेवायचं

उघड्यावरच्या पूलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड नसेल तर कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त मुक्त क्लोरीन उडतं. ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर असलं की ते दिवसभर टिकतं. पण स्टॅबिलायझर क्लोरीनला धरूनही ठेवतं, त्याचा मारा मंद करतं. म्हणून स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितकं क्लोरीनही जास्त ठेवावं लागतं. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्यसंस्था स्टॅबिलायझर नसताना किमान १ आणि असताना किमान २ पीपीएम सांगते. घरच्या पूलवाल्यांमध्ये चालणारा ठोकताळा असा: मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांखाली कधी जाऊ द्यायचं नाही. स्टॅबिलायझर ४० असेल तर संध्याकाळी ६ पर्यंत न्यायचं, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते ३ च्या खाली उतरता कामा नये.

लिक्विड क्लोरीनसोबत तरंगत्या गोळ्याही वापरत असाल तर सांभाळा. ट्रायक्लोरच्या गोळीतून १० पीपीएम क्लोरीन आलं की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझरही येतं. रोज ३ पीपीएमच्या हिशेबाने महिन्यात ते ५०च्या वर वाढतं, आणि काढायचं म्हटलं तर पाणी उपसण्यावाचून सोपा इलाज नाही. ब्लीचिंग पावडरीतून कॅल्शियम येतं; आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात ते आधीच भरपूर, टाइलवर पांढरे थर धरतात. लिक्विडमधून फक्त मीठ वाढतं. मी त्याचा पक्ष घेतो तो यामुळेच.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ हवा. पीएच ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग जोरकस रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. पीएच चढला असेल तर आधी तो उतरवा, मग क्लोरीनचा हिशेब करा.

आता प्रत्यक्ष माप

धरा, सूर्य कलल्यावर चाचणी केली आणि मुक्त क्लोरीन २.५ आलं. न्यायचं ६ वर, म्हणजे ३.५ ने वाढवायचं. कारबा ८ टक्क्यांचा. ४० × ३.५ × १०० ÷ ८ = १७५० मिली. लेबलवरच्या १२ टक्क्यांवर भरवसा ठेवला असता तर ११६७ मिलीच टाकलं असतं, आणि पाणी ६ ऐवजी ४.८ वर थांबलं असतं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. आठवड्याने भिंती बुळबुळीत लागू लागतात, त्याचं कारण हेच.

मापायला एक लिटरचा, रेघा असलेला प्लास्टिकचा जग घ्या, त्यावर मार्करने ‘क्लोरीन’ लिहा आणि स्वयंपाकघरात पुन्हा नेऊ नका. धातूचं भांडं नको. कारबा तिरका करून ओतला की डोळ्यांत उडतो. दाबून चालवायचा प्लास्टिकचा हातपंप स्वस्तात मिळतो, तो लावा. नळीला तोंड लावून ओढायचं नाही, घाईत असलात तरी नाही. जग सपाट जागी ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून वाचा. रबरी हातमोजे, गॉगल आणि जुने कपडे. नवऱ्याच्या ऑफिसच्या पँटवर एक थेंब पडला तर पुढचा खर्च क्लोरीनपेक्षा मोठा.

पंप चालू करा, इनलेटच्या धारेसमोर बसा आणि जगाचं तोंड पाण्याजवळ नेऊन बारीक धारेने सोडा. उंचावरून ओतू नका, शिंतोडे उडतात. स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या पेटीत, ओतायचं नाही. तिथे एखादी गोळी पडलेली असेल तर दोन्हींची गाठ पडून घात होतो. मग रिकामा जग पूलच्याच पाण्यात विसळा. पंप निदान तासभर चालू द्या आणि पुन्हा चाचणी घ्या. हिशेबाप्रमाणे ६ च्या आसपास आलं तर तिन्ही आकडे बरोबर. सतत कमी येत असेल तर ताकद किंवा घनमीटर चुकलंय, किंवा पाण्यात काहीतरी क्लोरीन खाऊन टाकतंय. वेळ संध्याकाळचीच बरी, सकाळी टाकलं की पहिला घास ऊन घेतं.

यात हयगय नको

हायपो आणि ॲसिड एकमेकांना भेटता कामा नयेत. पीएच उतरवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याच जगात मापलं, तर क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस पंपरूममध्ये कोसळू शकतो. दोघांचे जग वेगळे, ठेवायच्या जागा वेगळ्या, आणि पूलमध्ये टाकतानाही मध्ये पंप चालू ठेवून अर्धा तास जाऊ द्यायचा. ट्रायक्लोर गोळ्या, ब्लीचिंग पावडर, फिनाइल, संडास साफ करायची ॲसिडं, यांपैकी काहीही हायपोच्या भांड्यात पडू देऊ नका. कारब्याचं झाकण हवा जाऊ देणारं असतं, ते काढून घट्ट बूच बसवलं तर आतल्या वायूने कारबा फुगतो. थम्सअपच्या बाटलीत काढून ठेवणं तर सरळ घरातल्या लहान मुलांच्या जिवावर उठणं आहे. डोळ्यांत गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

वही आणि रात्रीची परीक्षा

एका वहीत तारीख, संध्याकाळचा आकडा, टाकलेले मिली, मालाची ताकद, बस. आठवडाभरात तुमच्या पूलचा रोजचा खप कळतो. कडक उन्हात, स्टॅबिलायझर असताना तो २ ते ४ पीपीएम असतो, हिवाळ्यात १ च्या आसपास येतो. खप अचानक वाढला की रात्रीची परीक्षा घ्या: अंधार पडल्यावर एक चाचणी, पहाटे सूर्य उगवण्याआधी दुसरी. रात्री ऊन नसतं, म्हणून घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर क्लोरीन शेवाळ खातंय किंवा कुजलेला पाला. फाल्गुन-चैत्रात कडुलिंबाची पानगळ होते तेव्हा हे हमखास घडतं. आधी जाळीने पाला काढा, भिंती घासा. पाला तसाच ठेवून वरून क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग जोरदार मात्रा. मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं. आपल्या पूलमध्ये स्टॅबिलायझर ४०, म्हणजे १६ पीपीएम. सध्या १ असेल तर १५ ने वाढवायचं: ४० × १५ × १०० ÷ ८ = ७५०० मिली. साडेसात लिटर एका दमात न टाकता तीन भागांत, मध्ये अर्धा-अर्धा तास सोडून. पहाटेपर्यंत ही पातळी टिकली की काम झालं, नाहीतर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. क्लोरीन रोजच्या पातळीला उतरेपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही. त्या काळात पीएचच्या चाचणीवरही विसंबू नका, जास्त क्लोरीनमध्ये त्या चाचणीतल्या फिनॉल रेडचा रंग चुकीचा येतो.

नाकात झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ आला म्हणून क्लोरीन कमी करणारेही भेटतात. तो वास वापरून झालेल्या क्लोरीनचा, क्लोरामाइनचा असतो. तिथे उलट मात्रा वाढवावी लागते.

पावसाळ्यात

१०० मिलिमीटर पाऊस पडला की ८ × ४ च्या पूलमध्ये ३.२ घनमीटर पाणी येतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. म्हणजे क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही सातआठ टक्क्यांपर्यंत कमी. मोठी सर ओसरली की लगेच चाचणी करा, आणि महिन्याने स्टॅबिलायझरही पुन्हा मोजा.

विश्वामित्रीचा पूर पूलमध्ये शिरला तर मात्र क्लोरीनचा हिशेब मांडत बसू नका. त्या पाण्यात गटार असतं, गाळ असतो, आणि बडोद्यात मगर असण्याचीही शक्यता असते. गढूळ पाण्यात पाय घालण्याआधी काठीने चाचपा, शंका आली तर वनखात्याला बोलवा. पाणी उपसायचं तेही लगेच नाही. आजूबाजूची जमीन भरलेली असताना पूल रिकामा केला तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळ उचलला जातो, टाइल्स तडकतात. शेजारच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खाली गेलं की मग उपसा, धुवा, नव्याने भरा. भरून झालं की पहिल्या संध्याकाळी कारब्याची ताकद पुन्हा मोजा. पुराच्या गडबडीत तो कुठे आणि किती दिवस पडून होता याची कोणालाच आठवण नसते.